तिघांची गोफण आणि आमचे मागचे अंगण

गेल्या शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही पाच जण गावातल्या सॉकरच्या रिकाम्या मैदानावर उभे होतो. नवरा आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा पाण्याचे फुगे उडवायच्या लाँचरच्या दोन मुठी धरून, मी मधली झोळी मागे ओढून, सात वर्षांची धाकटी पाण्याच्या फुग्यांनी भरलेल्या बादलीजवळ, आणि माझी आई बांबूच्या काड्यांची मोळी काखेत घेऊन लांब मैदानाच्या मध्यावर. फुगा जिथे फुटेल तिथे काडी रोवायची, हे काम आईने स्वतःहून मागून घेतले होते. न्यू जर्सीतल्या जुलैमध्ये आठ वाजले की ऊन अंगावर येते, म्हणून इतक्या लवकर आलो. आमच्या मागच्या अंगणात हा लाँचर नेमका किती ताणावा, याचे उत्तर मला तीन उन्हाळे अंदाजाने द्यावे लागत होते आणि ते मला मोजून हवे होते.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन मुठी, प्रत्येक मुठीला बांधलेली रबराची पोकळ नळी आणि दोन्ही नळ्यांच्या मध्ये कापडाची झोळी, एवढाच हा प्रकार आहे. दोघे जण हात उंच करून मुठी धरतात, तिसरा झोळीत फुगा ठेवून मागे सरकत जातो आणि सोडतो. आपल्याकडच्या बेचकीचे दोन फाटे म्हणजे दोन माणसे, असे समजले की चित्र डोळ्यांसमोर येते. घरात मात्र आईने पहिल्या दिवशी त्याला गोफण म्हटले आणि तेव्हापासून मुलेही त्याला गोफणच म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर ती गोफण नव्हे, कारण गोफणीला हाताचा फेरा वेग देतो आणि इथे ताणलेले रबर वेग देते. पण नाव बसले ते बसले.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही ही वस्तू जशी सर्वजण वापरतात तशीच वापरली, म्हणजे होता नव्हता तेवढा जोर लावून. चार जुलैच्या सुटीला दीर आणि जाऊ पेन्सिल्व्हेनियाहून मुलांना घेऊन आले होते. जेवणे झाल्यावर अंगणात पाण्याची लढाई सुरू झाली. दिराने झोळी ओढत ओढत पार डेकच्या पायरीपर्यंत नेली आणि सोडली. फुगा आमच्या कुंपणावरून, शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यांवरून गेला आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीवर आदळला. जाळी चौकटीतून निघाली. आम्ही सगळे माफी मागायला धावलो, ते गृहस्थ समजूतदार होते, दुसऱ्या दिवशी आम्ही नवी जाळी बसवून दिली. पण त्याआधीच, त्याच दुपारी, दुसरा एक फुगा बारा-तेरा मीटरवर उभ्या असलेल्या पुतण्याच्या मांडीवर सरळ बसला होता. तो फुटलाच नाही. टणकन आपटून परत उडाला आणि गवतावर लोळत गेला. संध्याकाळी त्या मुलाच्या मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग उठला होता. तो रडला नाही, पण त्याच्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरलेले नाही.

त्या रात्री मी याविषयी वाचायला बसले. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी १९९०च्या दशकातच या लाँचरमधून सुटलेल्या फुग्यांनी झालेल्या डोळ्यांच्या दुखापतींचा अभ्यास करून ठेवलेला आहे. पाण्याने भरलेला फुगा मऊ असतो ही आपली समजूत हातात धरलेल्या फुग्यापुरती खरी आहे. पाणी दाबले जात नाही. वेगात आलेले पाणी आणि घट्ट वस्तू यांत फारसा फरक उरत नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, हे वाचल्यावर नवऱ्याने ती वस्तू कचऱ्यात टाकायचे ठरवले होते आणि त्याचे काही चुकत नव्हते.

मी त्याला थांबवले, कारण त्याच दुपारी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती.

धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. पाण्याच्या लढाईत लहान मुलाच्या वाट्याला काय येते हे नीट पाहायला हवे. ती दोन्ही हातांनी फुगा पोटाशी धरून धावत जायची, मोठ्या मुलांच्या जवळ पोहोचण्याआधीच तिच्यावर दोन फुगे फुटायचे, मग ती डोक्यावरून फुगा फेकायची आणि तो तिच्याच पायाशी पडायचा. बहुतेक वेळा फुटायचाही नाही. ती तो पुन्हा उचलायची. असे चार-पाच वेळा झाल्यावर ती नळाजवळ जाऊन बसली आणि इतरांसाठी फुगे भरायला लागली. सगळे तिचे कौतुक करत होते की किती शहाणी, मदत करते. ती मदत करत नव्हती, ती खेळातून बाहेर पडली होती. त्यानंतर कुणीतरी तिला लाँचरची झोळी धरायला दिली. तिने आपल्या ताकदीने जेमतेम हातभर ओढली आणि सोडली. फुगा उंच गेला आणि सात-आठ पावलांवर, भावाच्या अगदी पुढ्यात, फुटला. त्या क्षणी ती ज्या तऱ्हेने वळून माझ्याकडे पाहू लागली, ते पाहून माझ्या मनात पक्के बसले की या वस्तूचा खरा उपयोग काहीतरी वेगळा आहे आणि खोक्यावर छापलेला उपयोग वेगळा आहे. खोक्यावर किती लांब जातो ते छापलेले असते. परसात लांब जाण्याची गरज कुणालाच नसते.

आता मैदानावरचे आकडे. रबर सैल असताना झोळी जिथे असते तिथून मागे किती ओढली, ते आम्ही मोजपट्टीने मोजले आणि प्रत्येक ताणाला पाच फुगे सोडले. फुगे साधारण दीडशे ग्रॅमचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेतलेले. अर्धा मीटर ओढल्यावर फुगा सरासरी चार मीटरवर पडला. एक मीटर ओढल्यावर १४ मीटरवर, दीड मीटर ओढल्यावर २९ मीटरवर आणि दोन मीटर ओढल्यावर ४९ मीटरवर. आईने रोवलेल्या काड्यांच्या रांगा पाहताना मुलाच्या प्रथम लक्षात आले की ताण दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाही, ते साडेतीन-चार पट होते. त्याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे: रबरात साठणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि फुगा किती लांब जाणार हे त्याच ऊर्जेवर ठरते. हवेचा अडथळा थोडे अंतर खातो, म्हणून पूर्ण चौपट होत नाही. पण मुख्य मुद्दा असा की मागे सरकणाऱ्या माणसाला शेवटचे एक पाऊल हे पहिल्या पावलासारखेच वाटते, हाताला थोडा जास्त ओढा लागतो इतकेच. आणि त्या एका पावलात फुगा आपल्या अंगणातून शेजाऱ्याच्या खिडकीत गेलेला असतो. दिराने मुद्दाम काहीही केले नव्हते. तो फक्त दोन पावले जास्त मागे गेला होता.

वेगाचा हिशेबही करून पाहिला. ४९ मीटर जायचे तर फुगा झोळीतून सुटताना ताशी ८० किलोमीटरच्या आसपास तरी असलाच पाहिजे. १४ मीटरसाठी ताशी ४० किलोमीटर पुरतात, आणि तेवढ्या वेगाने मोठा माणूस हातानेच चेंडू सहज फेकतो. म्हणजे एक मीटरच्या ताणावर लाँचरमधून सुटलेला फुगा हा हाताने फेकलेल्या फुग्यापेक्षा जास्त काही नसतो.

मग लाँचर हवा कशाला, हा प्रश्न नवऱ्याने तिथेच मैदानावर विचारला, आणि माझे उत्तर धाकटीकडे बोट दाखवून झाले. एक मीटर रबर ओढायला जेवढा जोर लागतो तेवढा सात वर्षांच्या मुलीत आहे आणि सत्तरीच्या आजीतही आहे. हाताने फेकताना खांदा, कोपर, मनगट आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. क्रिकेट खेळलेला काका आणि कधीच चेंडू न फेकलेली आत्या यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रबर तो फरक पुसून टाकते. ठरलेल्या खुणेपर्यंत ओढले की फुगा कुणाच्याही हातून तेवढाच जातो. मी या वस्तूच्या बाजूने आहे ती याच कारणासाठी. ती ताकद वाढवण्यासाठी वापरली तर अंगणात धोकाच निर्माण करते, आणि ताकद सारखी करण्यासाठी वापरली तर घरातले प्रत्येक माणूस खेळात येते.

आमच्या अंगणात डेकपासून मागच्या कुंपणापर्यंत २२ मीटर जागा आहे. त्यामुळे नियम सोपा ठरला. मुठी धरणाऱ्यांच्या मागे, झोळीच्या एक मीटर ताणाच्या जागी, बागेला पाणी घालायचा हिरवा होज गवतावर आडवा टाकायचा आणि झोळी त्या होजच्या मागे जाऊ द्यायची नाही. दोरी बांधून ताण अडवायचाही विचार केला होता, पण दोरी नळीत गुंतते आणि गुंतलेली दोरी सुटताना कुणाच्या तरी हाताला लागते. होज सर्वांना दिसतो, आणि कुणाची झोळी मागे गेली की सहा मुले एकदम ओरडतात.

कोनाबद्दल एक गैरसमज मला स्वतःलाही होता. मला वाटायचे, फुगा उंच उडवला की तो वरून अलगद पडतो आणि लागत नाही. तसे होत नाही. जितक्या वेगाने वर गेला जवळजवळ तितक्याच वेगाने तो खाली येतो. वाटेत हवेने थोडा कमी होतो, पण पाण्याने भरलेल्या जड फुग्याला हवा फारशी अडवू शकत नाही. तेव्हा मार कमी करायचा असेल तर ताण कमी करणे हाच मार्ग आहे. कोनाचा फायदा निराळा आहे. एक मीटरच्या ताणावर साधारण ६० अंशांत वर सोडलेला फुगा पाच-सहा मीटर उंच जातो, बारा मीटरवर पडतो आणि या सगळ्याला सुमारे दोन सेकंद लागतात. दोन सेकंद म्हणजे खेळाच्या दृष्टीने पुष्कळ वेळ आहे. समोरची मुले वर पाहतात, फुगा उन्हात चमकतो, त्यातले पाणी डचमळताना त्याचा आकार लांबट-चपटा होत जातो हे नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि कुणी पळते, कुणी जागीच उभे राहते, कुणी चादर घेऊन खाली धावते. सरळ मारलेल्या फुग्यात यातले काही नाही; तिथे फक्त लागलेले कळते.

चादरीचा खेळ आम्ही दुसऱ्या वर्षी काढला आणि आता आमच्याकडे लाँचर केवळ त्याच खेळासाठी निघतो. एका बाजूला गवतावर चार हुला हूप मांडायचे. एक चमू तीन-तीन जणांच्या पाळीने लाँचर चालवतो आणि फुगे हुला हूपमध्ये पाडायचा प्रयत्न करतो. दुसऱ्या चमूतली मुले दोघा-दोघांत एक जुनी चादर ताणून धरतात आणि येणारा फुगा न फोडता चादरीत झेलायचा प्रयत्न करतात. हूपमध्ये फुटला तर मारणाऱ्यांना गुण, चादरीत शाबूत आला तर झेलणाऱ्यांना दोन गुण, शिवाय तो फुगा त्यांचा. झेलताना चादर ताठ धरली तर फुगा फुटतो. फुगा टेकताक्षणी दोघांनी मिळून चादर खाली सैल सोडावी लागते. हे जमायला मुलांना आठवडा लागला आणि आता धाकटी व तिची मैत्रीण दहापैकी सहा-सात फुगे झेलतात. चादर दोन्ही हातांनी छातीच्या खाली आणि अंगापासून लांब धरायची, झेलणाऱ्या प्रत्येकाने पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चश्मा लावायचा, आणि लाँचर माणसावर कधीही रोखायचा नाही, तो जागेवर रोखायचा. माणसावर मारायचे असेल तर फुगा हातात घ्यायचा आणि कमरेखाली मारायचा. हा नियम मोडणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवशी परत झोळी मिळत नाही, मग तो पाहुणा असो की घरचा.

खेळ टिकतो तो फुग्यांच्या पुरवठ्यावर. पूर्वी एकेक फुगा नळाला लावून भरायचा, बोटावर गुंडाळून गाठ मारायची आणि पन्नास फुगे होईपर्यंत बोटांची साले निघायची. तासभर भरलेले फुगे पाच मिनिटांत संपायचे. २०१४ साली टेक्सासमधल्या जॉश मॅलोन या आठ मुलांच्या वडिलांनी एका जोडणीला पस्तीसेक नळ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला आपोआप बंद होणारा फुगा, अशी रचना बाजारात आणली. होजला जोडायची, पाणी सोडायचे, फुगे भरले की हलवायचे. सगळे फुगे गळून बादलीत पडतात आणि तीन जुड्यांत मिनिटभरात शंभर फुगे तयार होतात. यावरून पुढे पेटंटचे मोठे खटले झाले. माझ्यासारख्या आईच्या दृष्टीने त्या माणसाने मुलांची किती दुपार वाचवली याला मोल नाही.

इथे आईविषयी सांगायला हवे. आई माण तालुक्यातली. उन्हाळ्यात टँकरच्या मागे कळशा घेऊन धावलेल्या बाईला पाण्याचे फुगे फोडण्याचा खेळ पाहताना काय वाटत असेल, हा विचार ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा मला सतत होता. ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले, ‘‘बाळे, ह्यात पाणी किती जातं गं?’’ मी हिशेब करून सांगितला. दीडशे ग्रॅमचे शंभर फुगे म्हणजे १५ लिटर पाणी, एका मोठ्या बादलीहून कमी. होज तसाच उघडा ठेवला तर एवढे पाणी अर्ध्या मिनिटात जाते, आणि मुले अंगावर पाणी घेत होजनेच खेळली तर अर्ध्या तासात काय होईल याची तिने स्वतःच कल्पना केली. शिवाय फुग्यांचे पाणी गवतात मुरते, म्हणून ती दुपार असेल त्या दिवशी आम्ही हिरवळीला वेगळे पाणी घालत नाही. ‘‘मग बरं हाय,’’ ती म्हणाली आणि बादलीजवळची खुर्ची तिने पुढे ओढली. त्या दिवसापासून फुगे मोजून देण्याचे काम तिच्याकडे आहे. एका खेळाला शंभर, त्यापुढे एकही नाही. नातवंडे कितीही लाडात आली तरी ती संख्या तिने कधी वाढवलेली नाही, आणि फुगे मोजके असले की मुले नेम धरून मारतात हेही खरे.

फुग्याच्या आकाराविषयी माझे मत तीन उन्हाळ्यांनंतर असे झाले आहे की लाँचरसाठी तो मोसंबीहून मोठा नको आणि बोटाने दाबल्यावर खोल खळगा पडेल इतका सैलही नको. फार भरलेला फुगा झोळीतच फुटतो, कारण रबर सुटताना फुग्याला एकदम धक्का बसतो आणि सोडणाऱ्याच्या तोंडावर सगळे पाणी येते. कमी भरलेला फुगा जास्त वाईट. तो जमिनीवर किंवा अंगावर फुटत नाही, उसळतो, आणि पुतण्याच्या मांडीवर डाग उठवणारा फुगा तसाच अर्धवट भरलेला होता. आपोआप बंद होणाऱ्या फुग्यांचे रबर पातळ असल्याने ते अंगणातल्या खेळाला चांगले: पडले की फुटतात. मैदानावर दोन मीटरचा ताण दिला तेव्हा यातले निम्मे फुगे हवेत जाण्याआधीच झोळीत फुटले आणि पाच मोजमापे मिळवायला आम्हाला दहा फुगे खर्चावे लागले. भरलेले फुगे बादलीत पाण्यातच ठेवावेत. कोरड्या टोपलीत एकावर एक रचले तर खालचे फुटतात. झोळीही ओली असू द्यावी, म्हणजे फुगा कापडाला चिकटत नाही. अलीकडे सिलिकॉनचे, लोहचुंबकाने बंद होणारे, पुन्हा पुन्हा वापरायचे फुगे मिळतात. हाताने खेळायला ते उत्तम आहेत आणि कचराही होत नाही, पण त्यात टणक चुंबक असतात, म्हणून ते लाँचरमध्ये कधीही घालू नयेत.

नेम साधण्याचे गमक आम्हाला आईकडून मिळाले. मुले झोळी सोडताना हात किंचित पुढे ढकलत, आणि फुगा कधी डावीकडे तर कधी पायाशी जाई. आई खुर्चीवरून पाहत होती. ती उठली, मुलाच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या मुठीवर आपला हात ठेवून म्हणाली, ‘‘ढकलायचं नाही रं. सोडायचं म्हंजी सोडायचं. हात हाय तिथंच ऱ्हाऊ दे.’’ तिने लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण चालवलेली आहे. कणसे भरली की पाखरांचे थवे उतरतात. त्यांना उठवायला गोफणगुंडा नेमका त्या वाफ्यावर जावा लागतो, आणि तो जातो कुठे हे दोरीचे टोक बोटांतून कोणत्या क्षणी सुटते यावरच ठरते. तिने सांगितल्याप्रमाणे मुलाने हात जागच्या जागी ठेवून फक्त बोटे उघडली. फुगा हूपच्या मधोमध पडला. मग आईने स्वतः झोळी हातात घेतली, पदर खोचला, होजपर्यंत मागे गेली आणि लागोपाठ तीन फुगे एकाच हूपमध्ये टाकले. चादर धरलेली मुले झेलायचे विसरून टाळ्या वाजवू लागली.

कुंपणाच्या बाबतीत मी फार कडक आहे आणि त्याचे मूळ इथले नाही. शाळेत असताना रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सायकलवरून घरी येत होते आणि एका गच्चीवरून आलेला फुगा कानावर बसला. दोन दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हते. फुगा मारणाऱ्याला मी दिसले, मला तो दिसला नाही. मुंबईत धावत्या लोकलवर फुगे मारण्याचे प्रकार होळीच्या दिवसांत होतात, दारात उभी असलेली माणसे जखमी होतात, आणि ते करणाऱ्यांना तो खेळ वाटतो. जो खेळत नाही त्याच्यावर पाणी पडता कामा नये. लाँचर कुंपणाकडे तोंड करून कधीच उभा करायचा नाही, तो कुंपणाकडे पाठ करून घराच्या दिशेने उभा करायचा, हे मी त्याच आठवणीमुळे ठरवले. फुगा लांब गेलाच तर तो आमच्याच डेकवर आणि आमच्याच भिंतीवर जाईल. खेळ सुरू व्हायच्या आधी मागच्या खिडक्या बंद करते, एवढे एक काम वाढते.

रबराची निगा हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात लाँचर महिनाभर डेकच्या कठड्यावर उन्हात लटकत राहिला. ऑगस्टमध्ये खेळताना एक नळी मुठीजवळ तुटली आणि तिचा फटका मुठ धरलेल्या मुलाच्या मनगटावर बसला. वळ दोन दिवस होता, डोळ्यावर बसला असता तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी नैसर्गिक रबर कुजते आणि ताणलेल्या रबरावर हा परिणाम लवकर होतो. आता प्रत्येक खेळाआधी मी दोन्ही नळ्या बोटाभोवती घट्ट वळवून पाहते. वळणावर बारीक आडव्या चिरा दिसल्या तर त्या दिवशी खेळ नाही. गाठींजवळचा भाग विशेष पाहायचा, कारण नळी तिथेच घासते. खेळ झाल्यावर पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, थोडी टाल्कम पावडर लावून, सैल गुंडाळी करून गॅरेजमधल्या बंद डब्यात ठेवते. हिवाळ्यानंतर नळ्या नव्याच घालते.

प्रत्येक अंगणाला हा लाँचर शोभेल असे मला वाटत नाही. टाऊनहाऊसच्या मागच्या आठ-दहा मीटरच्या पट्ट्यात तो आणू नये. तिथे पाण्याची पिचकारी बरी. नासामध्ये काम केलेल्या लॉनी जॉन्सन या अभियंत्याची हवेच्या दाबावर चालणारी मोठी पिचकारी १९९० पासून इथे मिळते आणि लहान जागेत तिला तोड नाही. जोराचा वारा असेल तरीही लाँचर काढू नये, उंच गेलेला फुगा वाऱ्याने दोन-तीन मीटर सरकतो. आणि दोघेच खेळणारे असतील तर या वस्तूचा काहीच उपयोग नाही. एकट्याने ताणायची लहान रूपे मिळतात, पण ती माणूस डोळ्यासमोर सरळ धरतो आणि सरळच मारतो; मी ती घरात येऊ देत नाही. तिघांची गोफण तिघांनीच चालते. मुठी धरणारे दोघे एका उंचीवर हवेत, नाहीतर फुगा तिरका जातो, म्हणून उंच बाबा गुडघ्यावर बसतो आणि लहान लेक स्टुलावर उभी राहते. तिघांनी एकमेकांना ‘धरलं’, ‘ओढलं’, ‘सोडते’ असे सांगितल्याशिवाय सोडायचे नाही. हे तीन शब्द मोठ्याने म्हणावे लागतात म्हणूनच की काय, आमच्याकडची एरवी एकमेकांशी न बोलणारी तेरा-चौदा वर्षांची मुले त्या दुपारी बोलतात.

खेळ संपल्यावर तुकडे वेचायचे असतात. फुग्यांवर निसर्गात विरघळणारे असे लिहिलेले असते, पण ते विरघळायला महिने जातात, आणि गवतातला रंगीत तुकडा पाखराने किंवा शेजाऱ्यांच्या कुत्र्याने गिळायला एक क्षण पुरतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात फुग्याचा तुकडा अडकू शकतो, हा इशारा इथे प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो आणि शेजारचे रांगते बाळ आमच्या गवतावर येते. म्हणून शंभर दिले तर शंभर परत, असा आईचा हिशेब आहे. तुकड्याला लागलेली, फुग्याचे तोंड बंद करणारी बारीक रबरी कडी मोजायची, म्हणजे एकाच फुग्याचे दोन तुकडे दोन धरले जात नाहीत. गेल्या खेळाला अठ्ठ्याण्णव कड्या सापडल्या. उरलेल्या दोनपैकी एक धाकटीच्या केसांत निघाली. दुसरी शोधत आई आणि माझा मुलगा अंधार पडेपर्यंत कुंपणाच्या कडेने वाकून फिरत होते. शेवटी ती हायड्रेंजियाच्या झुडपात, खालच्या पानावर सापडली. मग आमरसाच्या वाट्या बाहेर आल्या.